उघडे दार : शारदा सदनातील १८९३ च्या पेचाचा प्रकरण अभ्यास

१८९३ च्या ऑगस्ट महिन्यात पुण्यातील शारदा सदनाच्या, म्हणजे हिंदू विधवा मुलींच्या निवासी शाळेच्या, सल्लागार मंडळाने तिला पैसा पुरवणाऱ्या बॉस्टनच्या असोसिएशनला एक पत्र पाठवले. महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी, स्त्रीशिक्षणासाठी आणि विधवांची स्थिती सुधारावी म्हणून स्वतः लोकनिंदा सोसलेली माणसे या मंडळावर होती. सदनातील बऱ्याच मुली संचालिकाबाईंच्या खाजगी प्रार्थनेला नेमाने जाऊन बसतात, त्यांना ख्रिस्ती शास्त्र वाचायला मिळते, आणि हे मूळ ठरावाला सोडून आहे, असे त्यांनी कळवले. संस्था उघडपणे धर्मांतरासाठीच चालणार असेल, तर आमचा तिच्याशी संबंध राहणार नाही, असेही त्यात लिहिले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत पालकांनी सुमारे २५ मुली सदनातून काढून नेल्या. हे सारे ज्या गोष्टीवरून घडले ती वरवर पाहता अगदी लहान होती. सदनाच्या संचालिका पंडिता रमाबाई आपल्या लहान मुलीला, मनोरमेला, जवळ घेऊन स्वतःच्या खोलीत रोज प्रार्थना करीत आणि पवित्र शास्त्र वाचीत, आणि त्या वेळी त्या खोलीचे दार लावून घेत नसत.

हे प्रकरण मी अभ्यासासाठी निवडले, कारण ख्रिस्ती माणसाने आपल्या जीवनाने साक्ष द्यावी, हे वाक्य आमच्या मंडळ्यांतून वारंवार ऐकू येते आणि त्यावर सहसा कोणी हरकत घेत नाही. तोंडाने उपदेश न करता चांगले वागावे, लोकांनी पाहावे आणि त्यांना काय वाटायचे ते वाटावे, इतके ते सोपे वाटते. पण पाहणारा माणूस आपल्याच छपराखाली राहत असेल, आपल्याच हातचे खात असेल आणि त्याला जायला दुसरे घर नसेल, तेव्हा त्याच्यासमोर नुसते जगणेही साधे राहत नाही. शारदा सदनात हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता, आणि तो ज्यांच्यापुढे उभा राहिला ती दोन्ही बाजूंची माणसे सच्ची होती.

रमाबाईंचा पूर्ववृत्तांत मराठी वाचकाला पुष्कळसा ठाऊक आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. जन्म १८५८ चा, गंगामूळच्या अरण्यातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या मातेने रमाबाईंना. दक्षिणेतील दुष्काळात आईवडील गेले. पुढे भावाबरोबर पायी भटकंती, कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या, भावाचा मृत्यू, बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह आणि दोन वर्षांच्या आत वैधव्य. १८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष दिली, आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

त्या ख्रिस्ती कशामुळे झाल्या, हे मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण दहा वर्षांनी पुण्यात जे घडले त्याचे मूळ तिथे आहे. ख्रिस्ती ग्रंथ त्यांच्या हाती इंग्लंडच्या आधीच आले होते. कलकत्त्यात कोणी संस्कृत बायबल दिले होते, लग्नानंतरच्या सिलचरच्या घरात बंगालीतले लूकचे शुभवर्तमान होते, पुण्यात मराठी नव्या कराराचे वाचन झाले होते, आणि नीळकंठशास्त्री, म्हणजे नेहेम्या गोऱ्हे यांच्यासारख्या ख्रिस्ती झालेल्या विद्वानाशी वादही झाले होते. हे सगळे बुद्धीला पटण्या-न पटण्याच्या पातळीवर राहिले. वाँटेजच्या भगिनींनी, म्हणजे तिथल्या मठातल्या ख्रिस्ती संन्यासिनींनी, त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथे नेले. तिथे समाजाने टाकलेल्या, ‘पतित’ म्हणवल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी या भगिनींचे आश्रयगृह होते. ज्यांचे नावही सभ्य घरात घेतले जात नव्हते त्या स्त्रियांना तिथे आजारपणात शुश्रूषा मिळत होती, काम मिळत होते, आणि त्यांच्याशी बोलताना कोणी आवाज चढवीत नव्हते. असल्या बायकांची सेवा आपल्याकडे कोणी केल्याचे रमाबाईंनी पाहिले नव्हते, आणि शास्त्रे तर त्यांनी पुष्कळ वाचली होती. तुम्ही हे का करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढून येशू आणि शोमरोनी स्त्री यांची विहिरीवरची भेट वाचून दाखवली. ख्रिस्ताविषयी आपल्या मनात खरी ओढ तिथून उत्पन्न झाली, असे रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत नमूद केले आहे.

यातला क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी कृती दिसली, मग प्रश्न विचारला गेला, आणि वचन त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आले. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात नेमके हेच सांगितले आहे. तुमच्या आशेविषयी विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देण्यास सिद्ध असा, आणि तेही सौम्यतेने व आदराने, असे प्रेषित लिहितो. विचारणारा असावा, ही त्यात गृहीत धरलेली अट आहे. रमाबाईंना हा धर्म ज्या वाटेने सापडला, तीच वाट त्यांनी नंतर आपल्या घरात मोकळी ठेवली, असे मला वाटते.

त्याचबरोबर दुसऱ्याच्या मनावर धर्म लादला जाणे म्हणजे काय, हेही त्यांना अनुभवाने ठाऊक होते, आणि तो अनुभव ख्रिस्ती लोकांकडूनच आलेला होता. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार प्रसिद्ध झाला आहे, त्यात हा झगडा पानोपानी दिसतो. भगिनींनी दिलेल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. ती भाषा मला येत नाही, आणि देवाला लॅटिन संस्कृतपेक्षा अधिक प्रिय आहे असेही मी मानत नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. बाप्तिस्म्यानंतरही त्या शाकाहारीच राहिल्या. भगिनींना त्यात जातीचा ताठा दिसला. त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धांतांवर, सद्सद्विवेकबुद्धीला पटल्याशिवाय मान हलवायला त्यांनी नकार दिला. आपल्या विवेकावर दुसऱ्याचा ताबा त्यांनी चर्चच्या अधिकाऱ्यांनाही दिला नाही. अशी बाई पुढे मुलींच्या विवेकावर ताबा मिळवायला निघेल, हे म्हणूनच एकाएकी पटत नाही. पण तसा आरोप झाला, आणि तो रानडे-भांडारकरांनी केला, म्हणून त्याचा विचार नीट झाला पाहिजे.

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेत गेल्या. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाला त्या फिलाडेल्फियात हजर होत्या. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने उच्चवर्णीय हिंदू विधवांच्या शाळेसाठी १० वर्षे पैसा पुरवण्याचे ठरवले. असोसिएशनमध्ये निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांची माणसे होती, त्यांत उदारमतवादी युनिटेरियनही होते. त्यांच्या संमतीने असे ठरले की, या शाळेत कोणत्याही धर्माचे शिक्षण दिले जाणार नाही. ही अट रमाबाईंवर बळजबरीने घातलेली नव्हती. ती मान्य केल्याशिवाय एकही ब्राह्मण पालक आपली विधवा मुलगी ख्रिस्ती बाईच्या हवाली करणार नाही, हे त्यांना स्वतःलाच सर्वांत चांगले समजत होते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा तिथे दोन मुली होत्या. त्यांतली एक गोदूबाई, कोकणातली बालविधवा. सदनात मुलींना आपापल्या जातीचे आचार, सोवळेओवळे, पूजाअर्चा पाळण्याची पूर्ण मोकळीक होती. हा नुसता कागदावरचा नियम नव्हता, त्यावर अंमल होत होता, आणि ही गोष्ट विरोधकांनीही फारशी नाकारली नाही. जाती मोडण्याचा आग्रह त्या काळी मिशनच्या वसतिगृहांत सर्रास होता. तिथे पहिली अटच ती असे. रमाबाई स्वतः जात मानत नव्हत्या, पण मुलीने ती मोडावी की नाही हे मुलीवर सोडत होत्या. १८८९ च्या डिसेंबरात मुंबईला काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्याला त्या प्रतिनिधी म्हणून गेल्या, आणि त्याच सुमारास सामाजिक परिषदेत विधवांच्या केशवपनाविरुद्ध बोलल्या. या वेळपर्यंत सुधारकांचा त्यांच्यावर विश्वास होता.

१८९० च्या नोव्हेंबरात सदन पुण्याला हलवले गेले. मुंबईचा खर्च झेपेना, हे त्याचे एक कारण. पण ज्या महिन्यात ते पुण्यात आले त्याच्या आदल्याच महिन्यात, १४ ऑक्टोबरला, पंचहौद मिशनमध्ये झालेल्या सभेनंतर शहरातल्या पुष्कळ प्रतिष्ठित मंडळींनी मिशनऱ्यांकडे चहा-बिस्किटे घेतली होती, आणि त्यावरून मोठे ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, उभे राहायचे होते. त्या मंडळींत रानडे होते, टिळकही होते. मिशनऱ्याच्या हातचा एक पेला चहा म्हणजे शंकराचार्यांपर्यंत जाणारा खटला, अशा गावात एका ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण विधवेने ब्राह्मण विधवांसाठी घर उघडले होते. पाठोपाठ १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्याने शहर दुभंगले. सदनाच्या भिंतीआड काय चालते याकडे सगळ्यांची नजर लागलेली असणार, हे त्यावरून समजावे. अमेरिकेतील एका ख्रिस्ती साप्ताहिकात, सदनातील दोन विधवांना ख्रिस्ती धर्माविषयी ओढ वाटते असा मजकूर आला होता, तो ‘केसरी’ने पुढे आणला आणि तटस्थतेच्या नावाखाली धर्मांतराचे काम चालते, असा आक्षेप घेतला. दूरच्या देणगीदारांचे मन उल्हसित करण्यासाठी लिहिलेल्या ओळीमुळे जवळच्या माणसांच्या विश्वासाला तडा जातो. हा दोष मिशनच्या कामात पुष्कळदा घडतो, आणि मला तो या प्रकरणातला सर्वांत टाळता येण्याजोगा दोष वाटतो.

आता या सर्वांच्या मुळाशी असलेली एक गोष्ट. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंच्या अंतःकरणात मोठा पालट झाला. एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले आणि आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, पण स्वतः ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांना जाणवले. ही त्यांची स्वतःची कबुली आहे. तोपर्यंतचा त्यांचा विश्वास विचारांनी स्वीकारलेला होता. आता तो त्यांच्या दिवसभराच्या जगण्यात उतरला. म्हणजे तटस्थतेचे वचन १८८७-८९ मध्ये ज्या बाईंनी दिले आणि १८९३ मध्ये ज्या बाईंनी ते पाळायचे होते, त्या एका अर्थाने एकच व्यक्ती राहिल्या नव्हत्या. वचनाचे शब्द तेच होते, आणि ते पाळणाऱ्या माणसाच्या अंतरंगात मात्र दिवा लागला होता. या पेचाचा विचार करताना बहुतेक लेखक सुधारक विरुद्ध मिशनरी असा सामना रंगवतात. मला मात्र ही काळाची गोष्ट अधिक निर्णायक वाटते.

आणि आता ते दार. खोलीत रमाबाई आणि मनोरमा. मनोरमा तेव्हा दहा-बारा वर्षांची, म्हणजे सदनातल्या पुष्कळ मुलींच्याच वयाची. आई वाचते आहे, मुलगी ऐकते आहे, मग दोघी डोळे मिटून प्रार्थना करतात, आणि ती प्रार्थना पाठ केलेल्या मंत्रांची नसून समोर बसलेल्या वडीलधाऱ्याशी बोलावे तशी असते. उंबऱ्यापाशी एखादी मुलगी येऊन उभी राहते. ही मुलगी कोण, हे विसरून चालणार नाही. आठव्या-दहाव्या वर्षी नवरा गेला म्हणून जिला पांढऱ्या पायाची म्हटले गेले, मंगल कार्यात जिने पुढे यायचे नाही, घरातले कष्टाचे काम जिच्या वाटचे आणि गोड शब्द मात्र जिच्या वाट्याला कधी नाही, अशी ती. तिच्यासमोर बसलेली बाईही विधवाच आहे, आणि तरी ती उभ्या जगाशी ताठ मानेने बोलते, तिच्या मांडीशी मूल आहे, आणि तिच्या देवाला तिच्या वैधव्याची लाज वाटत नाही. मुलीला आत यावेसे वाटले तर ते नवल नव्हे. तिला कोणी बोलावले नाही आणि कोणी हाकललेही नाही.

मुली प्रार्थनेला येऊ नयेत म्हणून दार लावून घ्यावे, एवढीच सल्लागारांची अपेक्षा होती. रमाबाईंचे म्हणणे थोडक्यात असे होते : शाळेत धर्म शिकवणार नाही, हे माझे वचन आहे आणि ते मी पाळते; पण मी माझा धर्म लपवून ठेवीन असे वचन मी दिलेले नाही. मुलींना त्यांच्या पूजेची मोकळीक आहे, तशी मलाही माझ्या घरात माझ्या उपासनेची आहे. ज्या मुलीला मी आई म्हणून जवळ घेते तिला मी दारातून परत कशी फिरवू? एखाद्या हिंदू घरातली आई देवघराचे दार लावून पूजा करीत नाही, आणि तिच्या घरात राहणारे पोर तिथे येऊन बसले तर त्याला कोणी मज्जाव करीत नाही.

दाराविषयी शुभवर्तमानात दोन वचने आहेत, आणि ती एकाच प्रवचनात, एकाच मुखातून आलेली आहेत. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की, दिवा लावून मापाखाली ठेवीत नाहीत, दिवठणीवर ठेवतात; तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या. सहाव्या अध्यायात तोच सांगतो की, प्रार्थना करायची असेल तर आपल्या खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्तवासी पित्याची प्रार्थना कर. सल्लागार मंडळ, त्यांच्या नकळत म्हणू या, सहाव्या अध्यायाच्या बाजूने बोलत होते. पण ते वचन ज्या संदर्भात आले आहे त्यात दोष दाखवला आहे तो लोकांनी पाहावे म्हणून रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहणाऱ्यांचा. आपल्याला मान मिळावा म्हणून उघडलेले दार वाईट, आणि त्या दारातून दुसऱ्याला उजेड मिळतो म्हणून न लावलेले दार वेगळे, असा भेद तिथे अभिप्रेत आहे. दानीएलाची गोष्टही इथे आठवते. राजाज्ञा झाल्यावर त्याने खिडक्या मुद्दाम उघडल्या नाहीत. त्या आधीपासून यरुशलेमेच्या दिशेला उघड्या होत्या, आणि आज्ञा झाली म्हणून त्याने त्या लावल्या नाहीत. रमाबाईंना उघड्या दारातून मान मिळत नव्हता. त्या दारापायी त्यांची संस्था जात होती.

असे असले तरी सल्लागार मंडळाचा आक्षेप मी हलका मानत नाही, आणि ख्रिस्ती वाचकानेही तो हलका मानू नये. त्यांच्या पत्रात आणखी एक मुद्दा होता : मुलींना प्रार्थनेला येऊ द्यावे अशी परवानगी रमाबाईंनी काही पालकांकडे मागितली होती. एका दृष्टीने हा प्रामाणिकपणा आहे. चोरून काही करायचे नव्हते, म्हणूनच तर विचारले. पण दुसऱ्या दृष्टीने पाहता, विचारणारी बाई ज्या घराची सर्वाधिकारी आहे त्या घराशिवाय मुलीला थारा नाही, हे पालकाला माहीत होते आणि मुलीलाही. अशा ठिकाणी विनंतीला आज्ञेचे वजन येते, विनंती करणाऱ्याच्या मनात तसे नसले तरीही. उदाहरण घालून देणे आणि आवाहन करणे यांत जी रेघ आहे ती परवानगी मागताना ओलांडली गेली, असे माझे मत आहे. दार उघडे होते तोवर मुलगी स्वतःच्या पावलांनी येत होती. परवानगी मागितली गेली त्या क्षणी त्या पावलांमागे बाईंची इच्छा उभी राहिली.

दुसरी चूक वचनाच्या शब्दांतली, आणि ती दोन्ही पक्षांची मिळून. धर्म शिकवणार नाही, या शब्दांनी पालकांना वाटले की आपल्या मुलीला धर्माचा वाराही लागणार नाही. रमाबाईंना वाटले की वर्गात धडा दिला नाही म्हणजे झाले. जे जगून दाखवले जाते ते शिकवणे आहे की नाही, हा प्रश्न वचन देताना कोणी विचारलाच नाही. श्रद्धावान माणूस पोळी लाटताना, आजाऱ्याच्या उशाशी बसताना, चूक करणाऱ्या मुलीला रागवताना वा न रागवताना आपला धर्म शिकवीतच असतो, आणि वर्गात बायबल न उघडल्याने ते थांबत नाही. रानडे आणि भांडारकर स्वतः प्रार्थना समाजाचे होते; धर्म आचरणात उतरला पाहिजे, हे त्यांनी आयुष्यभर सांगितले. रमाबाईंचा धर्म नेमका आचरणात उतरला म्हणूनच तो त्यांना अडचणीचा झाला. या दोघांना दुःख झाले असेल, यात मला शंका नाही. आपण वैयक्तिकरीत्या केलेल्या विनवण्या व्यर्थ गेल्या, असे त्यांच्या पत्रात खेदाने म्हटलेले आहे.

मी स्वतः ख्रिस्ती घरात वाढलो. संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थना होत असे तेव्हा शेजारची पोरे उंबऱ्यावर येऊन बसत. गाणे संपले की उठून खेळायला जात. त्यांच्या आयांनी कधी हरकत घेतली नाही, आणि आम्हीही त्यांच्याकडच्या आरतीला टाळ्या वाजवायला उभे राहत असू. हे सहज होते, कारण त्या पोरांना रात्री परत जायला त्यांचे स्वतःचे घर होते. सदनातल्या मुलींना ते नव्हते. तेच उघडे दार, तीच प्रार्थना, पण ऐकणाऱ्याची स्थिती बदलली की साक्षीची जबाबदारी कितीतरी पटींनी वाढते. आज जे वसतिगृहे, दवाखाने, अनाथालये चालवतात त्यांनी या प्रकरणातला हा भाग पुन्हा पुन्हा वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

रमाबाईंनी दार लावले नाही. २५ मुली गेल्या, तरी सदन बंद पडले नाही. बॉस्टनच्या असोसिएशनने त्यांची साथ सोडली नाही आणि १० वर्षांचा शब्द पाळला. पुण्याच्या सार्वजनिक जीवनातले त्यांचे स्थान मात्र गेले ते गेलेच. ज्या शहराने १८८२ मध्ये त्यांच्या पुराणकथनाला गर्दी केली होती, त्या शहराच्या सुधारणेच्या इतिहासात पुढे कितीतरी वर्षे त्यांचे नाव कमी घेतले गेले. पुढे सदनातल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आपला अंदाज खरा ठरला असे विरोधकांना वाटले असणार. तो खरा ठरलाही होता. पण त्या मुलींना काय दिसले म्हणून त्या आल्या, हा प्रश्न अंदाजात मावणारा नव्हता.

त्यानंतरचे काम रमाबाईंनी निराळ्या पायावर उभारले, आणि मला यात त्यांनी १८९३ पासून घेतलेला धडा दिसतो. पुण्याजवळ, दौंडच्या वाटेवर केडगावला त्यांनी जमीन घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. रस्त्याकडेला पडलेल्या बायका-मुली पाहून त्यांना वीस वर्षांपूर्वीचे आपले आईवडील आठवले, आणि सुमारे ३०० जणींना त्यांनी आपल्याबरोबर आणले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर ही संख्या कित्येक पटींनी वाढली. केडगावचे ‘मुक्ती’ हे घर पहिल्या दिवसापासून उघड ख्रिस्ती होते. तिथे कोणाला तटस्थतेचे आश्वासन दिले गेले नाही, त्यामुळे ते मोडल्याचा आरोपही झाला नाही. विणकाम, छपाई, तेलघाणा, शेती, अंधांसाठी ब्रेल, असे एकेक काम तिथे मुलींच्याच हातांनी चालू लागले. त्याच ठिकाणी रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बाईला कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. भुकेल्या माणसापुढे उघड ख्रिस्ती घर उभे करणे हा पुण्यापेक्षाही कठीण प्रश्न आहे, आणि त्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल. इथे एवढेच नोंदवतो की, नाव स्पष्ट सांगून उघडलेल्या दाराला निदान फसवणुकीचा डाग लागत नाही.

शारदा सदनाच्या पहिल्या दोन मुलींपैकी गोदूबाईंकडे पुन्हा वळतो. त्या सदनात काही वर्षे राहिल्या, शिकल्या, त्या घरात रमाबाई कशा जगतात ते रोज पाहिले, आणि हिंदूच राहिल्या. ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे सदन उघडल्याला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, त्यांचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. सल्लागार मंडळाचे पत्र बॉस्टनला गेले ते त्यानंतर पाच महिन्यांनी. विधवेशी लग्न केले म्हणून कर्व्यांना त्यांच्या मुरूड गावच्या लोकांनी वाळीत टाकले. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली आणि पुढे हिंगण्याला विधवांचा आश्रम उभा राहिला. हिंदू पालक आपल्या मुली निर्धास्तपणे जिथे पाठवतील असे हे घर होते, आणि शारदा सदनाविषयी विश्वास उडाल्यामुळे अशा घराची गरज अधिकच जाणवत होती. बाया कर्वे या नावाने ओळखल्या गेलेल्या या बाई पुढे कित्येक वर्षे आश्रमासाठी दारोदार वर्गणी गोळा करीत राहिल्या.